पृथ्वीच्या उष्णतेचा हिशोब आपणही ठेवायला हवा : पृथ्वी विज्ञान मंत्रालय आणि इस्रोला खुलं पत्र

प्रति,
मा. सचिव, पृथ्वी विज्ञान मंत्रालय, भारत सरकार
मा. अध्यक्ष, इस्रो

सप्रेम नमस्कार,

मी रायगड जिल्ह्यात किनाऱ्यालगतच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. तुमच्याकडे रोज ढीगभर पत्रं येत असतील म्हणून मागणी आधीच सांगून टाकतो. सूर्याकडून पृथ्वीला मिळणारी ऊर्जा आणि पृथ्वीवरून परत अवकाशात जाणारी ऊर्जा यातला फरक भारताने स्वतः मोजावा, वरून उपग्रहाने आणि खाली समुद्रात, मधे एकाही वर्षाचा खंड न पडू देता, आणि तो आकडा दर जानेवारीत देशाच्या तापमानाचा आकडा जाहीर होतो त्याच्याच शेजारी ठेवून लोकांना सांगावा. बस, एवढंच मागायचंय. ते का मागतोय हे आता जरा सविस्तर लिहितो.

तुम्हाला हे सगळं माझ्यापेक्षा जास्त माहितीय याची मला पूर्ण कल्पना आहे, पण पत्र खुलं आहे, ते इतरही वाचणार, म्हणून पहिल्यापासून सांगतो. दिवस-रात्र, ध्रुव-विषुववृत्त सगळं धरून सरासरी काढली तर वातावरणाच्या माथ्यावर दर चौरस मीटरला साधारण ३४० वॅट ऊन पडतं. त्यातले १०० च्या आसपास ढग, बर्फ, वाळवंटं, हवेतले कण वगैरे सरळ परत फेकतात. राहिलेले २४० जमीन, पाणी आणि हवा शोषून घेतात आणि मग पृथ्वी ते डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेड किरणांच्या रूपात बाहेर सोडते. जेवढं आत तेवढंच बाहेर असं असेल तर तापमान जागच्या जागी राहतं. आपण कार्बन डायऑक्साइड २८० पीपीएमवरून (म्हणजे हवेच्या दर दहा लाख रेणूंत २८०) ४२० च्या पुढे नेला, मिथेन वाढवला, त्यामुळे बाहेर जाणारी वाट अडली, आणि आता आत येतंय त्यापेक्षा बाहेर कमी जातंय. ही जी तफावत आहे ती दर चौरस मीटरला साधारण १ वॅट आहे.

१ वॅट ऐकलं की वर्गात पोरं म्हणतात, सर, एवढंसंच? एलईडीचा छोटा बल्बसुद्धा यापेक्षा जास्त खातो. मग मी फळ्यावर गणित मांडतो. चौरस मीटरला १ वॅट म्हणजे चौरस किलोमीटरला १ मेगावॅट. पृथ्वीचं क्षेत्रफळ ५१ कोटी चौरस किलोमीटर. म्हणजे ५१ कोटी मेगावॅट झाले, आणि हे रात्रंदिवस चालू, एक सेकंद बंद नाही. आपला कोयना प्रकल्प १,९६० मेगावॅटचा. भागाकार केला की अडीच लाखांहून जास्त कोयना निघतात! सगळं जग मिळून आज कोळसा, तेल, गॅस, अणू, पाणी, वारा, ऊन या सगळ्यातून जेवढी ऊर्जा वापरतं त्याच्या जवळपास पंचवीस पट उष्णता पृथ्वी नुसती साठवत चाललीय. हे गणित झालं की वर्ग गप्प होतो. बारावीच्या पोरांना जे दहा मिनिटांत कळतं ते मोठ्या माणसांपर्यंत का पोचलं नाही हा प्रश्न मला सतत पडतो, आणि माझं उत्तर असं की हा आकडा त्यांना कुणी सांगतच नाही. आपल्याला सांगितलं जातं ते तापमान.

तापमान महत्त्वाचं आहेच. २०२४ हे वर्ष १९०१ पासूनच्या नोंदीत भारतातलं सगळ्यात उष्ण ठरलं, सरासरीपेक्षा ०.६५ अंश जास्त, हे हवामान विभागाने सांगितलं आणि सगळ्या पेपरांत छापून आलं. जगाचं म्हणाल तर औद्योगिक काळाआधीच्या तुलनेत ते वर्ष साधारण १.५५ अंशांनी वर होतं. पण ही साठणारी उष्णता जाते कुठे ते बघा. १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांत जी जादा उष्णता साठली तिचा हिशोब कारिना फॉन शुकमान आणि त्यांच्यासोबतच्या बऱ्याच देशांतल्या शास्त्रज्ञांनी मांडलाय : ८९ टक्के समुद्रात, ६ टक्के जमिनीत, ४ टक्के बर्फ वितळवण्यात, आणि हवेत फक्त १ टक्का. म्हणजे आपण ज्या तापमानावरून सगळी चर्चा करतो ते एकूण साठ्याच्या शंभरातल्या एका भागाचं आहे. शिवाय तो भाग लहरी. एल निनो आला की समुद्रातली उष्णता हवेत येते, वर्ष तापतं, हेडलाइन होते, ला निना आला की थोडं थंड होतं आणि लगेच कुणीतरी म्हणतं बघा, थांबलं ना तापणं. तफावत मात्र त्या थंड वर्षातही चालूच असते, खाली पाण्यात उष्णता मुरतच असते.

आणि पुढे काय होणार हे या तफावतीतूनच कळतं. ती शून्याच्या वर आहे तोवर पृथ्वी तापत राहणार, हवेतला कार्बन डायऑक्साइड आज आहे तेवढ्यावर अडवून धरला तरीसुद्धा. नासाच्या जेम्स हॅन्सन यांनी २००५ मध्येच हे मांडलं होतं, त्यांचा अंदाज ०.८५ वॅटचा होता आणि त्यावरून त्यांनी सांगितलं की आणखी ०.६ अंश तापणं आधीच ठरून गेलंय, फक्त अजून दिसायचंय. उलट उत्सर्जन खरोखर उतरायला लागलं तर हवेतल्या साठ्यात आणि या तफावतीत त्याचा परिणाम दिसला पाहिजे. जगभरच्या परिषदा, करार, घोषणा यांचा उपयोग होतोय की नाही हे तपासायला याहून सरळ माप मला तरी माहीत नाही. २०२० मध्ये फॉन शुकमान यांच्या गटाने उलटं गणित करून दाखवलं होतं, की तेव्हाचं असंतुलन मिटवायचं तर हवेतला कार्बन डायऑक्साइड ४१० वरून ३५३ पीपीएमपर्यंत खाली आणावा लागेल.

आता मुख्य मुद्दा, मोजायचं कसं. मला सगळ्यात जास्त इथेच बोलायचंय, कारण पुढची अडचण इथे आहे.

३४० मधून १ शोधायचा आहे. उपग्रहावरचं उपकरण कितीही चांगलं असलं तरी त्याची स्वतःची चूक या एकापेक्षा मोठी असते. नासाची सेरेस नावाची उपकरणं मार्च २००० पासून हे काम करताहेत, पण त्यांचे आकडे जसेच्या तसे घेऊन बेरीज-वजाबाकी केली तर तफावत ४ वॅटच्या वर निघते, जे शक्यच नाही, एवढी असती तर समुद्र केव्हाच कितीतरी जास्त तापला असता. मग त्या उपकरणांचा उपयोग काय? आपल्याकडचं उदाहरण घ्या, साखर कारखान्यावरचा वजनकाटा. काटा समजा कायमच चाळीस किलो जास्त दाखवतो. त्यावरून ट्रकमधल्या उसाचं खरं वजन कळणार नाही, पण काट्याला कुणी हात लावला नसेल तर आजचा ट्रक कालच्यापेक्षा किती भारी हे अगदी अचूक कळेल. सेरेसचं तसं आहे. खरं वजन समुद्रातून येतं, समुद्र दहा वर्षांत किती तापला ते मोजून, आणि एका वर्षाहून दुसऱ्या वर्षी तफावत किती हलली ते उपग्रहातून येतं. दोन्ही लागतात. आणि काटा बदलायची वेळ आली तर जुना काढायच्या आधी तोच ट्रक दोन्ही काट्यांवर लागोपाठ चढवून फरक लिहून ठेवायला लागतो, नाहीतर त्या दिवसाआधीच्या आणि नंतरच्या पावत्या एकमेकींशी जुळणारच नाहीत. जुना उपग्रह बंद पडला आणि नवा वर जायला दोन वर्षं लागली की नेमकं हेच होतं. वीस-पंचवीस वर्षांची सलग मालिका तिथे तुटते आणि मग जगातल्या कुठल्याही कॉम्प्युटरने ती परत जोडता येत नाही.

ही सलग मालिका होती म्हणून काय कळलं ते बघा. २०२१ मध्ये नासाचे नॉर्मन लोब, नोआ या अमेरिकेच्या समुद्र-हवामान संस्थेचे ग्रेगरी जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की २००५ ते २०१९ या काळात तफावत जवळजवळ दुप्पट झाली. आणि उपग्रहाची रेषा वेगळी, समुद्रातल्या मोजणीची रेषा वेगळी, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, तरी दोन्ही रेषा हातात हात घालून वर गेलेल्या. २०२३ मध्ये तर ती १.८ वॅटपर्यंत गेली. त्याहून चक्रावणारी गोष्ट म्हणजे अलीकडची वाढ जास्त करून ऊन जास्त शोषलं जातंय म्हणून आहे. पृथ्वी थोडी काळवंडलीय म्हणा ना. समुद्रावरचे खालचे ढग कमी झालेत, बर्फ कमी झालाय, हवेतले परावर्तन करणारे कण काही भागांत कमी झालेत (जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा १ जानेवारी २०२० पासून ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आणली, त्याचाही यात वाटा आहे, किती यावर अजून वाद चालू आहे). एवढी वाढ क्लायमेट मॉडेल्सच्या सरासरीत दिसत नाही. म्हणजे मॉडेल एक सांगतंय आणि मोजणी दुसरं सांगतेय, आणि अशा वेळी तर मोजणी बंद पडून अजिबात चालणार नाही.

आणि नेमकी आत्ताच ती धोक्यात आहे. सेरेस उपकरणं घेऊन फिरणारे टेरा आणि अ‍ॅक्वा हे उपग्रह १९९९ आणि २००२ ला गेलेले, इंधन संपत आलंय, कक्षा सरकायला लागल्यात. त्यांच्या नंतरचे दोन अजून चालू आहेत, पण त्यातला नवा म्हणजे सुद्धा २०१७ चा. पुढचं उपकरण लिबेरा, ते अमेरिकेच्या येणाऱ्या ध्रुवीय उपग्रहावरून जायचंय. ते वेळेत जावं आणि नीट चालावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. पण सगळ्या जगाची एवढी मोठी नोंद एका देशाच्या एका बजेटवर आणि एका रॉकेटवर टांगून ठेवणं बरं नाही, आणि यात कुणाच्या राजकारणाबद्दल बोलायची मला गरज वाटत नाही. रॉकेट फेल होतात. उपकरणं अडकतात. तुमच्याइतकं हे कुणाला माहीत असणार!

म्हणूनच मेघा-ट्रॉपिक्सची आठवण करून द्यायचीय. १२ ऑक्टोबर २०११, श्रीहरिकोटा, पीएसएलव्ही-सी१८. भारत आणि फ्रान्सचा मिळून केलेला उपग्रह, आणि त्याच्यावर स्कॅरॅब नावाचं उपकरण होतं जे नेमकं हेच मोजायचं, परत जाणारं ऊन आणि बाहेर जाणारी उष्णता, दोन्ही. हा उपग्रह तीन वर्षांसाठी बनवलेला, पण दहा वर्षांच्या वर उपयोगी पडला, मद्रास नावाचं त्याच्यावरचं दुसरं उपकरण २०१३ लाच थांबलं तरीही. आणि शेवटी ७ मार्च २०२३ ला इस्रोने उरलेलं इंधन वापरून त्याला पॅसिफिक महासागरावर सुरक्षित खाली आणून जाळला, जे मुळात त्याच्या डिझाइनमध्येच नव्हतं. मला त्या दिवशी फार अभिमान वाटला होता. पण स्कॅरॅबच्या जागी त्या तोडीचं उपकरण आपल्याकडून वर गेलं नाही. इन्सॅट उपग्रहांवरून बाहेर जाणाऱ्या उष्णतेचा अंदाज मिळतो, तो पावसाच्या कामाला उपयोगी आहे, पण तो मोजक्या पट्ट्यांवरून काढलेला अंदाज. इथे ज्या अचूकतेबद्दल बोलतोय तिथे तो पुरत नाही.

आणि मेघा-ट्रॉपिक्सची कक्षा काय सुंदर होती! विषुववृत्ताशी फक्त २० अंशांचा कोन. टेरा सकाळी साडेदहाच्या सुमारास वरून जाणारा, अ‍ॅक्वा दुपारी दीडच्या, रोज जवळपास त्याच ठरलेल्या वेळी. आता कोकणात राहणाऱ्या कुणालाही विचारा, पावसाळ्याच्या तोंडाशी ढग कधी चढतात. दुपारनंतर चढतात, संध्याकाळी गडगडतात, समुद्रावरचे तर पहाटे जोर धरतात. ठरलेल्या वेळी येणाऱ्या पाहुण्याला हे दिसत नाही. कमी कोनाच्या कक्षेतला उपग्रह उष्ण कटिबंधावरून दिवसातून अनेक वेळा, वेगवेगळ्या वेळी जातो, त्याला मान्सूनच्या ढगांचा अख्खा दिवस दिसतो. उष्ण कटिबंधातले ढग उन्हाला किती परत पाठवतात आणि उष्णतेला किती अडवतात हे आपल्या पोटापाण्याशी जोडलेलं आहे, अमेरिकेच्या नाही. त्यामुळे ही कक्षा आपण सोडून दुसरं कोण धरणार?

या विषयात भारतीय नवखे आहेत असंही नाही. ढग एकूणात पृथ्वीला थंड ठेवतात हे उपग्रहाच्या मोजणीवरून १९८९ मध्ये ज्यांनी दाखवलं त्यात वीरभद्रन रामनाथन पुढे होते. त्यांनीच १९७५ मध्ये दाखवलं होतं की फ्रीजमधले सीएफसी वायूसुद्धा उष्णता अडवतात. आणि पुण्यात अ‍ॅना मणी. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षासाठी त्यांनी देशभर सौर प्रारण मोजणारी केंद्रं उभी केली, उपकरणं बाहेरून परवडत नाहीत म्हणून इथे बनवायचा आग्रह धरला आणि ती जगाच्या मापाला उतरतील अशी बनवून घेतली. मोजमाप चुकीचं असण्यापेक्षा नसलेलं बरं अशा वृत्तीने त्यांनी काम केलं. त्याच जाळ्यातल्या नोंदींवरून पुढे पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की १९८१ ते २००४ या काळात भारतात जमिनीवर पोचणारं ऊन कमी कमी होत गेलं. धूर, धूळ, कण. या कणांनी आपल्यावरची काही उष्णता झाकून ठेवलीय. हवा साफ करायलाच हवी, लोक श्वास घेतात ती, त्याबद्दल दुमत नाही, पण साफ केल्यावर किती ऊन वाढेल हे आधी मोजलेलं असलं तर तयारी करता येईल.

समुद्राबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण मी त्याच्या काठावर राहतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने वर आलं. सुपारीच्या अख्ख्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या, आणि सुपारीचं रोप लावल्यावर फळ धरायला पाच-सात वर्षं जातात, त्यामुळे त्या दिवशी ज्यांचं गेलं त्यांच्यातले कितीतरी अजून सावरताहेत. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते, ज्यात बॉम्बे हायजवळ बार्ज बुडून इतकी माणसं गेली. मग २०२३ ला बिपरजॉय, किती दिवस समुद्रातच घोंगावत राहिलं. आयआयटीएमच्याच अभ्यासानुसार आधीच्या दोन दशकांशी तुलना केली तर २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली. रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलंय की १९५० ते २०२० मध्ये हिंदी महासागराचा पृष्ठभाग शतकाला १.२ अंश या वेगाने तापला, आणि मध्य भारतात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना १९५० पासून तिपटीने वाढल्या, ज्यासाठीची वाफ अरबी समुद्रातून येते. वरच्या १ वॅटचा शेवट असा आमच्या वाडीत, आमच्या होड्यांवर येऊन होतो. एकेका वादळाचं खापर एका आकड्यावर फोडता येत नाही हे मला कळतं. पण वादळाला खायला मिळतं ते समुद्रातल्या उष्णतेतून, आणि ती उष्णता येते या तफावतीतून.

या समुद्राचं माप अर्गो फ्लोट घेतात. दरवर्षी मी बारावीच्या पोरांना अरबी समुद्रातला एखादा फ्लोट निवडायला लावतो आणि त्याचा आलेख काढायला सांगतो. माणसाएवढी उंच नळी असते ती, पोटात तेलाची पिशवी, पिशवी फुगवली की वर, आकसली की खाली. १,००० मीटरवर नऊएक दिवस वाहत राहते, मग २,००० मीटरपर्यंत बुडी मारते आणि वर येताना तापमान, क्षारता मोजत येते, वर आल्यावर उपग्रहाला सांगते आणि पुन्हा बुडते. दहा दिवसांनी एक फेरी. असे जगभर चारेक हजार फ्लोट आहेत. पोरांचा पहिला गोंधळ नेहमी तोच, खोली खालच्या दिशेने वाढते म्हणून अक्ष उलटा घ्यायचा. एकदा तो घेतला की बघत राहावा असा आकार येतो. मे महिन्यात वर ३० अंशांचा गरम थर, तोही पातळ, खाली रेषा एकदम डावीकडे घसरते, १,००० मीटरला आठ-नऊ अंश, २,००० ला तीनच्या आसपास. ऑगस्टचा आलेख शेजारी ठेवला की मान्सूनच्या वाऱ्याने वरचं पाणी घुसळून कसं थंड केलं ते स्पष्ट दिसतं, कोळ्यांच्या घरची पोरं लगेच सांगतात की हो, तेव्हा पाणी गार असतं.

मग त्यांना एक गणित देतो. एक चौरस मीटर पाण्यावर वर्षभर १ वॅट पडला आणि तो सगळा वरच्या १०० मीटरमध्ये जिरला तर पाणी किती तापेल? उत्तर येतं जेमतेम ०.०८ अंश. एवढासा फरक पकडायचा, तोही लाटा, वारे, ऋतू, प्रवाह या सगळ्या गदारोळात. म्हणून अर्गोचा थर्मामीटर ०.००२ अंशांपर्यंत अचूक लागतो, म्हणून फ्लोट हजारोंनी लागतात आणि म्हणून वर्षानुवर्षं चिकाटीने मोजत राहायला लागतं. २०२४ मध्ये समुद्राच्या वरच्या २,००० मीटरमध्ये आदल्या वर्षापेक्षा १६ झेटाज्यूल उष्णता जास्त भरली, म्हणजे जग वर्षभरात जेवढी वीज बनवतं त्याच्या साधारण १४० पट, हे आपण सांगू शकतो ते या नळ्यांमुळे.

हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे समुद्राची माहिती देणारं सरकारी केंद्र, या शतकाच्या सुरुवातीपासून यात आहे, हिंदी महासागराचा अर्गो डेटा सांभाळतं, आणि तो कुणालाही फुकट मिळतो, आमच्यासारख्या गावातल्या कॉलेजलाही. याबद्दल खरंच मनापासून धन्यवाद. पण एकूण फ्लोटपैकी निम्मे अमेरिकेचे आहेत. आणि समुद्राच्या पाण्याचा अर्धा भाग २,००० मीटरच्या खाली आहे जिथे साधे फ्लोट पोचत नाहीत, तिथे ६,००० मीटरपर्यंत जाणारे खोल फ्लोट लागतात आणि ते अजून फार थोडे आहेत. आपली डीप ओशन मिशन आहे, २०२१ ला ४,०७७ कोटी मंजूर झाले, त्यात माणूस ६,००० मीटर खाली न्यायची योजना आहे. तो माणूस जावाच. त्याच्यासोबत, त्याच खोलीला जाणारे हे फ्लोट अरबी समुद्रात आणि बंगालच्या उपसागरात कायमचे फिरते ठेवा, कारण माणूस काही तासांनी वर येईल, फ्लोट वर्षानुवर्षं मोजत राहील.

मला माहितीय कुणीतरी म्हणेल की जग मोजतंय, डेटा फुकट आहे, आपण कशाला पैसे घालायचे, इथे आधी उष्माघाताने माणसं मरताहेत त्यांचं बघा. मी या म्हणण्याला हलकं समजत नाही. पण सप्टेंबर २०२४ मध्ये हवामानाचे अंदाज सुधारायच्या मिशन मौसमला दोन वर्षांसाठी २,००० कोटी मंजूर झाले ते याच माणसांसाठी ना? किती उष्णता येणार, समुद्र किती देणार, पाऊस कसा बदलणार, याचा पाया हा हिशोब आहे. मॉडेल आणि मोजणी जुळत नाहीत हे वर लिहिलंच आहे. मॉडेल चुकलं तर धरणाचा सांडवा, गटाराचा पाइप, पिकाचा विमा, सगळ्याचा अंदाज त्याच्याबरोबर चुकतो. आणि दुसरं म्हणजे वाटाघाटींच्या टेबलावर. कुणामुळे किती, कुणी किती कमी करायचं, नुकसानभरपाई कुणी द्यायची हे तिथे ठरतं. तिथे आपल्या हातात आपली मोजणी असावी, दुसऱ्याने दिलेली नसावी. २०२३ ला आपण आदित्य-एल१ पाठवला, सूर्यातून काय निघतं ते बघायला. त्यातलं किती आपल्याकडे राहतं तेही बघूया की.

तर नेमकं काय करावं. मेघा-ट्रॉपिक्ससारख्या कमी कोनाच्या कक्षेत स्कॅरॅबच्या तोडीचं किंवा त्याहून चांगलं उपकरण, शक्यतो पुन्हा फ्रान्ससोबत, त्यांचा आपला याबाबत जुना घरोबा आहे, आणि ते टेरा-अ‍ॅक्वानंतरचे उपग्रह चालू असतानाच वर जावं म्हणजे दोन्हींची एकाच वेळी मोजणी होऊन जोड बसेल. एक गेलं की लगेच त्याच्या पुढच्याची तयारी, पहिलं बंद पडायची वाट न बघता. खोल फ्लोट. अ‍ॅना मणींच्या काळापासूनच्या सौर प्रारणाच्या नोंदी, जुन्या वह्यांतल्यासुद्धा, सगळ्यांना सहज डाऊनलोड करता येतील अशा एका ठिकाणी. आणि जानेवारीत हवामान विभागाचं वार्षिक निवेदन येतं त्यात एक परिच्छेद : यंदा पृथ्वीने किती उष्णता साठवली, त्यातली हिंदी महासागरात किती गेली, गेल्या वर्षीपेक्षा जास्त की कमी. मराठीतून, कोकणीतून, तमिळमधून, सगळ्या भाषांतून. हा शेवटचा भाग तर जवळजवळ फुकटात होण्यासारखा आहे, येत्या जानेवारीतच सुरू करता येईल, त्याला रॉकेट लागत नाही.

आमच्याकडून काय होईल तेही लिहितो. आमच्या कॉलेजची गच्ची मोकळी आहे, समुद्राकडे तोंड, आसपास उंच इमारत नाही, झाडाची सावली नाही. किनारपट्टीवर जमिनीवरचं ऊन मोजायला जास्त केंद्रं लागणार असतील तर इथे पायरॅनोमीटर बसवा. खाऱ्या हवेने काच रोज पुसायला लागते, पावसाळ्यात आतली सिलिका जेल वरचेवर बदलायला लागते, कॅलिब्रेशनला उपकरण वेळच्या वेळी पुण्याला पाठवायला लागतं, हे सगळं माहिती काढून ठेवलंय आणि करायची तयारी आहे. प्राचार्यांशी बोलणं झालंय, त्यांची परवानगी आहे. असे शिक्षक डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत भेटतील, फक्त विचारा. पत्र पाठवलंत तर उत्तर त्याच दिवशी देईन.

आपला नम्र,
रायगड जिल्ह्यातला एक फिजिक्सचा शिक्षक